बॅकवॉटरवर प्रवासी बोट चालवायची आहे: पोरांना काय शिकवायचं, किती दिवस, आणि मजुरी कशी द्यायची

प्रश्न थोडक्यात असा. गंगापूर तालुक्यात नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर एक मच्छीमार सोसायटी आहे. तिनं आउटबोर्ड (मागं बाहेरून बसवायच्या) इंजिनच्या दोन फायबर बोटी घ्यायचं ठरवलंय. अलीकडच्या गावातून पलीकडं माणसं, शाळेची लेकरं, दुधाचे कॅन आणि जमलं तर मोटारसायकली न्यायच्या. त्यासाठी चार पोरं निवडलीत, चौघंही पट्टीचे पोहणारे. सचिवांचं विचारणं असं: ट्रेनिंग लागतंच का, लागलं तर किती दिवसांचं, लायसन्स कुठलं, आणि लोक लाइफ जॅकेट घालत नाहीत त्याचं काय करायचं?

भाऊ, आधी मी तुम्हाला एक विचारतो. पोरांना पैसे कसे देणार? तुम्ही सहज लिहून गेलात, "खेपेला ठरवून देऊ." तेवढं एक वाक्य खोडा. बाकीचं सगळं नंतर.

मी बरीच वर्षं धरणावरच्या लाँचवर काढली आणि आता बोटीवरच्या पोरांना, बचाव पथकांना शिकवतो. संध्याकाळी पाचचा सुमार, काठावर माणसं खोळंबलेली, पश्चिमेला काळं भरून आलेलं. त्या वेळी नावाड्याच्या खिशाचा हिशोब कोणत्या बाजूला आहे, यावर बरंच काही ठरतं. खेपेवर पैसे असतील तर तो म्हणणार, "बसा पटकन, पाऊस यायच्या आत टाकतो पलीकडं." महिन्याचा पगार असेल तर तोच पोरगा म्हणेल, "थांबा अर्धा तास." पोरगा तोच, ट्रेनिंगही तेच. म्हणून पगार महिन्याचा द्या आणि वाऱ्यामुळं बोट बांधून ठेवली त्या दिवसाचाही द्या. शिवाय सोसायटीच्या ठरावात एक ओळ घाला: बोट सोडायची की नाही हे त्या वेळी इंजिनवर बसलेला ठरवेल, अध्यक्ष, सरपंच, कोणाचा पाहुणा, कोणीही त्याच्यावर दबाव आणणार नाही. ठरावाची प्रत धक्क्यावर लावा. वीस-बावीस वर्षांच्या पोराला गावातल्या थोरामोठ्यांना नाही म्हणायचं असतं, त्याला कागदाचा आधार लागतो.

आता पट्टीच्या पोहणाऱ्यांविषयी. पोहता येतं ही चांगली गोष्ट आहे, पण मला अशा पोरांची थोडी धास्तीच वाटते. ती जॅकेट घालत नाहीत, आणि कोणी पडलं की पहिली उडी मारतात. बोटीवर दोघंच आणि त्यातल्या एकानं उडी मारली, की बोट सांभाळायला एकच उरतो आणि पाण्यात दोन माणसं होतात. बुडणारा माणूस मिठी मारतो, ती पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सुटत नाही. क्रम ठरलेला असावा: आधी वल्हं किंवा काठी पुढं करायची, नाहीतर दोरी फेकायची, नाहीतर बोट जवळ न्यायची. उडी सगळ्यात शेवटी, तीही जॅकेट घालून आणि दोरी धरून.

आपलं पाणी कसं आहे ते पोरांच्या डोक्यात बसवा, कारण तलाव म्हटलं की सगळ्यांना ते निवांत वाटतं. नाथसागर लांबीला साधारण ५५ किलोमीटर आणि रुंदीला काही ठिकाणी २७ किलोमीटरपर्यंत आहे. पाणी पसरतं सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर, पण धरण काठोकाठ भरलं तरी सरासरी खोली आठ-नऊ मीटरच्या आसपासच भरते. एवढ्या उघड्या पसरट पाण्यावर वारा लांबून धावत येतो आणि पाणी उथळ असल्यामुळं लाटा आखूड, उभ्या, एकामागं एक उठतात. समुद्राची लांब लाट लहान बोटीला उचलून खाली ठेवते. आपल्याकडची लाट बोट पहिलीतून सावरायच्या आत दुसरी आणून आदळते. शेजारच्या उजनीत २१ मे २०२४ ला हेच झालं. कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले.

चैत्र-वैशाखातल्या वळवाच्या ढगातून खाली येणारा वारा पावसाच्या आधी पोचतो. दिवसभर अंगाची लाही होते, मग एकदम गार झुळूक येते, मातीचा वास येतो, लांब काठावर धूळ उभी राहते. त्यानंतर हातात दहा-पंधरा मिनिटं असतात, कधी तेवढीही नसतात. पोरांना हे ओळखायला शिकवा, आणि मोबाईलवर 'दामिनी' आणि 'सचेत' ही विजेचा, हवामानाचा इशारा देणारी ॲप टाकून द्या. गडगडाट कानावर आला की बोट सोडायची नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. मध्यावर असताना गाठलंच तर गावाचा धक्का विसरायचा आणि वाऱ्याच्या आडोशाचा जवळचा काठ धरायचा. लोक तिथून चालत जातील.

वजनाचा धडा वर्गात शिकवू नका, पाण्यात शिकवा. युरियाच्या रिकाम्या गोण्या घ्या, त्यात वाळू भरा. माणशी ७५ किलो धरा, म्हणजे पन्नास किलोच्या दीड गोण्या. बोट कमरेइतक्या पाण्यात उभी करा आणि एकेक माणूस म्हणून वाळू चढवत जा. किती माणसांना काठ पाण्यापासून किती वर राहतो, हे पोरांनी स्वतः टेपनं मोजायचं. बोटीचं सर्वेक्षण करणारा अधिकारी जो आकडा देईल तेवढ्या वजनाला बोट जिथवर बुडते, तिथं दोन्ही अंगांना पांढरी पट्टी मारा. पट्टी पाण्याखाली गेली की माणूस उतरवायचा, मग तो कोणीही असो. मोजताना लेकरू म्हणजे अर्धा माणूस हा हिशोब बंद. जॅकेट एका जिवाला एक लागतं, जागाही एक.

मग त्याच बोटीत चार बोटं पाणी ओता. पाच मीटर लांब, सव्वा मीटर रुंद तळ असेल तर ते साडेचारशे किलोच्या आसपास भरतं, म्हणजे सहा माणसांचं वजन. आणि ही सहा माणसं एका जागी बसत नाहीत. बोट जरा कलली की सगळी त्याच बाजूला धावतात आणि तिला आणखी कलवतात. हे दोन पोरांना आत उभं करून एकदा करून दाखवा. मग पाणी उपसायचा डबा बोटीतच बांधून ठेवा असं सांगावं लागत नाही. बोट आणल्यावर एकदा ती काठोकाठ पाण्यानं भरूनही बघा. सीटखालच्या बंद कप्प्यांत फोम असेल तर ती पाण्यानं भरूनही तरंगते. तळाशी बसली तर तशीच परत पाठवा, बनवणारा कितीही गोड बोलला तरी.

माणसं एका अंगाला सरकणं हा दुसरा मोठा धोका. ३० सप्टेंबर २००९ ला केरळात थेक्कडीला दुमजली बोट उलटली. जनावरं बघायला प्रवासी एका बाजूला गेले आणि ४५ जण मेले. आपल्याकडं जानेवारीत फ्लेमिंगो बघायला, फोटो काढायला लोक असेच उठतात. म्हणून दोघांपैकी एकाचं काम फक्त माणसांवर नजर ठेवायचं: बसवायचं, उठू द्यायचं नाही, वारा सुटला की सगळ्यांना बाकावरून खाली तळाला बसवायचं.

मोटारसायकलीचं मी साफ सांगतो, नको. शंभर-सव्वाशे किलोचा तो ऐवज उंच बसतो, स्टँडवर डुगडुगतो, आणि त्याचा मालक त्याला धरून उभा राहतो. न्यायच्याच असतील तर त्यांची खेप वेगळी करा, गाडी आडवी करून बांधा, बरोबर प्रवासी नकोत. शेळ्यांचंही तेच. दुधाचे कॅन चालतील, पण मधोमध, तळाला, बांधून.

इंजिनाचं शिकवणं तसं सोपं आहे, फक्त मोटारसायकलवर बसलेला हात सुधारावा लागतो. मूठ पिरगळली की पळतं हे पोरांना लगेच जमतं, ब्रेक नसतो हे उशिरा कळतं. दांडा उजवीकडं ढकलला की बोट डावीकडं वळते. घाबरलेला हात नेमका उलटा जातो, म्हणून हे विचार न करता व्हायला हवं इतक्या वेळा घोटून घ्या. वेगात असताना मूठ एकदम सोडली तर बोटीनं मागं उठवलेली तिचीच लाट धावत येते आणि इंजिन बसवायच्या खाचेतून आत शिरते. भरलेल्या बोटीत ही चूक महागात पडते. लाट कधी अंगावर आडवी घ्यायची नाही, नाकावर जरा तिरकी घ्यायची, वेग कमी करून.

इंजिनाला लाल दोरी असते, किल कॉर्ड. ती चालवणाऱ्याच्या जॅकेटला किंवा मनगटाला अडकवायची. तो पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं. ही दोरी इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली बोट मला दिसली की मी त्या बोटीत पाय ठेवत नाही. चालवणारा खाली आणि बोट पंख्यासकट गोल गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, असे अपघात होतात. जाळं, पाणगवत पंख्यात अडकतं, तेव्हा आधी इंजिन बंद, दोरी काढलेली, मग हात. पेट्रोल भरताना बोटीत एकही प्रवासी नको. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती तळाला साचते आणि एका बिडीची वाट बघत बसते. दोन वल्ही, जादा प्लग, पाना, नांगर आणि त्याचा दोर, शिट्टी, टॉर्च बोटीत कायम असावं. इंजिन बंद पडल्यावर नांगर टाकायचा हे पुष्कळांना सुचतच नाही. वारा ढकलत नेत असतो आणि हे इंजिन चालू करायची दोरी ओढत बसतात.

नाथसागराची आणखी एक खोड आहे, ती बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकाला माहीत नसते. पाणी उतरतं तसं बुडालेल्या गावांचं काय काय वर येतं: भिंती, विहिरी, झाडांची खोडं, खांब. फेब्रुवारीतला मोकळा मार्ग मेमध्ये दगडाचा झालेला असतो. दर पंधरवड्याला मार्ग नव्यानं तपासा आणि तरंगत्या डब्यांच्या खुणा सरकवा. काठावर शेतकऱ्यांच्या मोटारी, पाईप, केबली पाण्यात पसरलेल्या असतात, जोड उघडे असतात. बोट काठाला लावताना पोरगं अनवाणी उडी मारतं, तिथं शॉकचा धोका खरा आहे. उतरायची जागा केबलीपासून लांब ठरवा आणि त्या शेतकऱ्याशी आधीच बोलून ठेवा. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी काळी गाळट माणसाला गुडघ्यापर्यंत धरते. म्हातारं माणूस तिथंच आडवं होतं. दोन फळ्या बोटीत असू द्या. उलट पाणी चढलं की वरच्या विजेच्या तारा खाली आल्यासारख्या होतात, तेव्हा लांब बांबू उभा धरून फिरायचं नाही.

पाण्यात पडलेल्याला परत घ्यायचा सराव हा माझ्या मते सगळ्या ट्रेनिंगचा गाभा. वीस लिटरचा कॅन पाण्यानं भरा, त्याला जुनं जॅकेट बांधा आणि न सांगता फेका. जो बघेल त्यानं ओरडायचं आणि त्याच्याकडं हात दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही. लाटांत डोकं नारळाएवढंच दिसतं, एकदा नजर सुटली की सापडत नाही. चालवणाऱ्यानं लगेच न्यूट्रल करायचं, पंखा त्याच्यापासून दूर राहील असं वळायचं, वाऱ्याच्या तोंडाला हळूहळू यायचं आणि माणूस हाताशी आला की इंजिन बंद. इथवर सगळ्यांना जमतं. अवघड पुढचं आहे. ओल्या कपड्यातला ७५ किलोचा माणूस बोटीत ओढून घेणं दोघांनाही झेपत नाही, आणि दोघंही एका अंगाला आले तर बोट कलते. त्याची पाठ बोटीकडं करायची, जॅकेटचे खांदे धरायचे, एकदा खाली दाबायचं आणि पाणी त्याला वर फेकतं त्याच झोक्यात "हुप्प" करून आत घ्यायचं. दुसऱ्यानं पलीकडच्या बाजूला बसून तोल धरायचा. शुद्धीत असेल तर दोरीचा फास काठावरून सोडून पायरीसारखा पाय ठेवायला द्यायचा. हे कॅनवर नाही, एकमेकांवर करा, अंगात कपडे घालून. पहिल्या दिवशी एकालाही जमणार नाही, आणि त्यानंतर ती पोरं जॅकेटबद्दल कुरकुर करणार नाहीत.

बोट उलटलीच तर बोटीला धरून राहायचं. काठ जवळ दिसतो, पण वाऱ्यात तो जवळ नसतो. हे प्रवाशांनाही सुटताना रोज सांगायचं, दोन वाक्यांत.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर आपल्याकडं त्याला पालथा घालतात, पोट दाबतात, लेकराला पाय धरून गरगर फिरवतात. हे सगळं बंद. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी-अन्न फुप्फुसात उतरतं. बुडालेल्याला हवा हवी असते. उताणा करा, डोकं मागं, हनुवटी वर, नाक दाबून तोंडानं आधी दोन ते पाच श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, असं चालू ठेवा. दाब पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या चालीनं. एकानं १०८ लावायचा. शुद्धीवर आला, चहा मागितला, तरी दवाखान्यात न्यायचाच, कारण फुप्फुसाचा त्रास काही तासांनी उठू शकतो. हा भाग तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर-सिस्टरांकडून पुतळ्यावर करून घ्या, नुसतं ऐकून येत नाही.

लाइफ जॅकेट लोक का घालत नाहीत, याचं कारण मला विचाराल तर ती घाण असतात. ओली कोंबून ठेवलेली, वास मारणारी, बंद तुटलेली, नारिंगी रंग उडून गुलाबी झालेली. स्वच्छ आणि कोरडं जॅकेट हातात दिलं तर शंभरात बरेच जण मुकाट घालतात. तारेवर टांगून वाळवा, आठवड्याला धुवा, त्यांच्यावर बसू देऊ नका. बसल्यानं आतला फोम चेपतो आणि उचलायची ताकद जाते. घेताना १०० न्यूटनचं घ्या, म्हणजे सुमारे दहा किलो उचलून धरायची ताकद. ५० न्यूटनवाली पोहता येणाऱ्यांसाठी असतात, ती स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. लेकरांची वेगळी, दोन पायांमधून पट्टा असलेली. मोठं जॅकेट लेकराला घातलं तर जॅकेट वर राहतं आणि लेकरू खालून निसटतं. बायांनी पदर आत खोचून वरून जॅकेट घालायचं, शाळेच्या दप्तराचे बंद जॅकेटखाली नकोत. आणि चालवणाऱ्याच्या अंगात आधी हवं. तो उघडा बसला तर सरपंच कशाला घालतील?

कागदपत्रं. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१, जून २०२२ पासून लागू आहे. १९१७ चा जुना कायदा त्यानं गेला. इंजिनवाल्या बोटीला नोंदणी, सर्वेक्षणाचा दाखला, विमा आणि चालवणाऱ्याला सक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडं आहे. तिथं अर्ज करून तुमच्या बोटीला कोणत्या दर्जाचा चालक लागतो ते लेखी घ्या. पाटबंधारे खात्याची परवानगी वेगळी, आणि जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळं वन्यजीव विभागाचीही विचारणा आधी करा. हे जड वाटेल. पण भिवधानोऱ्याची लेकरं थर्माकोलवर बसून शाळेत जातात ही बातमी २०२३ मध्ये आली आणि हायकोर्टाच्या खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, हे तुमच्याच तालुक्यातलं आहे. त्या काठावर बिनकागदाची बोट चालवू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण ती येणारच. पावसाळ्यात गंगेला, म्हणजे गोदावरीला, पाणी सोडलं की तहसीलमधून फोन येईल, "बोट आणि पोरं पाठवा." सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाराशिव-बीडकडं जे झालं ते बघितल्यावर नाही कसं म्हणणार? पण साचलेल्या पाण्यावर शिकलेला नावाडी वाहत्या पाण्याचा नावाडी नसतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा धक्का चौपट होतो. बुडालेल्या कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी जागच्या जागी उलटं फिरतं आणि बोटीला धरून ठेवतं, वरून मात्र ते सपाट दिसतं. उभा ऊस, तारेचं कुंपण, पुलाची कमान, सगळं पंख्याला आणि दोरीला अडकणारं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या ब्रह्मनाळला उलटली ती बचावाचीच बोट होती, माणसांनी खच्चून भरलेली. म्हणून वाहत्या पाण्याचं ट्रेनिंग एसडीआरएफसारख्या (राज्य आपत्ती प्रतिसाद दल) पथकाकडून वेगळं घ्या. तोवर तहसीलदार साहेबांना नम्रपणे सांगा, आमची बोट थांबलेल्या पाण्यापुरती, प्रवाहात नाही.

दिवस किती? सुरुवातीला दहा दिवस पूर्णवेळ, त्यातले सात पाण्यावर. मग तीन महिने प्रवाशांशिवाय वाळूच्या गोण्या घेऊन आणि नंतर जाणत्या माणसाला शेजारी बसवून. पुढं महिन्यातून एक सकाळ सरावाला, बोट बंद ठेवून. नुसत्या दोन दिवसांच्या शिबिरात मिळणारं प्रमाणपत्र भिंतीवर लावा, त्याच्यावर माणसं चढवू नका. काठावर एक माणूस वही घेऊन बसवा: सुटायची वेळ, किती जण, पोचल्याचा फोन. ठरल्या वेळेनंतर वीस मिनिटांत फोन नाही आला तर दुसरी बोट निघेल. तिच्या टाकीत पेट्रोल असेलच, हे बघणं त्याचं काम. सूर्य मावळल्यावर खेप नाही, यात्रा असो की लग्न.

आणि बोटींची ऑर्डर अशी द्या की त्या दिवाळीच्या आसपास हातात येतील. तेव्हा धरण भरलेलं असतं, वारा पडलेला असतो आणि वळवाच्या आधी पोरांना चार-पाच महिने मिळतात. बनवणाऱ्यानं उशीर करून फाल्गुनात बोट आणून दिली, तर यंदा फक्त सराव करा आणि प्रवासी पुढच्या दिवाळीला चढवा.